स्वयंपाकघराची फरशी बदलायची? आधी सिंकखालच्या तीन फरश्या उचला

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जुळे सोलापुरात सासऱ्यांनी १९८८ साली बांधलेलं बैठं घर आहे. स्वयंपाकघर १० बाय १२, खाली २ बाय २ ची शहाबादी. सांधे उघडे पडलेत, फरशी खडबडीत होऊन काळी पडलीय, सिंकजवळच्या तीन-चार फरश्या खाली बसल्यात आणि पाणी कोपऱ्यातल्या मोरीकडे जायचं सोडून तिथंच साचतं. सांध्यातून मुंग्या आणि झुरळं निघतात. सासूबाई अजून खाली बसूनच भाकरी थापतात. दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या सगळ्यांनी मिळून हे काम काढायचा तुमचा विचार आहे, आणि टाइल्सच्या दुकानात सांगितलंय की तोडफोड नको, आहे त्याच्यावरच केमिकलनं टाइल चिकटवून टाका. हे बरोबर आहे का, आणि घरच्या घरी जमेल का, असं तुम्ही विचारताय.

घरच्या घरी अर्धं काम नक्की जमेल. पण जुन्यावर चिकटवायचं तुमच्या घरी चालणार नाही.

टाइलवर टाइल हा प्रकार मुळात वाईट नाही. खालची फरशी दगडासारखी घट्ट असेल, कुठं पोकळ वाजत नसेल आणि ढाळ, म्हणजे पाणी वाहायचा उतार, बरोबर असेल, तर मीही तसं करून देतो. ९ मिलिमीटरची टाइल आणि खालचं ॲडेसिव्ह धरून उंची अर्धा इंच वाढते, दाराची फळी खालून तासावी लागते, एवढाच त्रास. तुमची फरशी मात्र बसलीय. बसलेली फरशी म्हणजे तिच्या खालचं काहीतरी निघून गेलंय किंवा दबलंय, आणि वर नवी टाइल लावली म्हणून ते थांबत नाही.

हे मी स्वतःच्या घरी शिकलो. बिगारी म्हणून घमेली उचलण्यापासून सुरुवात करून माझी या कामात सव्वीस वर्षं झाली, पण स्वतःच्या घराला वेळ द्यायचा म्हटलं की गवंडी आळशी होतो. माझ्या स्वयंपाकघरात मी जुन्या शहाबादीवर चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स मारल्या, तेही भिंतीशी जागा न सोडता घट्ट भिडवून. दोन उन्हाळे निघाले. तिसऱ्या मे महिन्यात दुपारी फटाका वाजावा तसा आवाज झाला, आणि येऊन बघतो तर मधल्या ओळीतल्या चार टाइल्स छपराच्या पाख्यांसारख्या एकमेकींना टेकून उभ्या. उन्हानं टाइल वाढते, भिंत जागा देत नाही, खाली पकड नाही, मग ती वर उठते. बायको एवढंच म्हणाली, "लोकांच्या घरी काय करता ओ तुम्ही?"

तर आधी फरशी का बसली ते शोधायचं. सोलापूर काळ्या पाषाणावर वसलंय, पण वरच्या थरात बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. ती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की भेगा देऊन आकसते. बांधकामाच्या वेळी जोत्यात मुरूम भरायला पाहिजे, पण त्या काळात पाया खणून निघालेली काळी मातीच पुष्कळांनी आत लोटली, वर थोडा मुरूम पसरला आणि त्यावर मालात फरशी बसवली. खाली कोबा, म्हणजे काँक्रीटचा थर, नाहीच. अशी घरं मी डझनानं उघडली आहेत. कोरडं असेपर्यंत त्यात काही होत नाही. पण सिंकचा पाइप कुठं तरी सांध्यात झिरपायला लागला की दरवर्षी थोडी थोडी माती फुगते, आकसते, वाहून जाते. त्यात घूस शिरली तर मग विचारूच नका, ती बाहेरच्या चेंबरपासून थेट ओट्याखालपर्यंत बोगदा काढते.

हातोडीचा लाकडी दांडा घ्या आणि प्रत्येक फरशीच्या चार कोपऱ्यांवर आणि मधे ठोकत जा. खाली भरीव असेल तर आवाज टणक येतो, पोकळ असेल तर बद्द येतो. बद्द वाजेल तिथं खडूनं फुली मारा. मुलांना हे काम द्या, त्यांचे कान आपल्यापेक्षा तीक्ष्ण असतात. पूर्ण खोली वाजवून झाली की दाराशी उभं राहून फुल्या बघा. त्या सिंकपासून मोरीपर्यंत एका पट्ट्यात आल्या, तर पाइप गळतोय असं धरून चाला. खोलीभर विखुरलेल्या असतील तर भरावच कच्चा आहे.

मग सिंकखालच्या बसलेल्या तीन फरश्या उचलायच्या. सांधा छन्नीनं मोकळा करा, पहारीचं टोक सांध्यात घालून खाली लाकडाचा ठोकळा द्या आणि हळूहळू उचला. पहार थेट शेजारच्या फरशीवर टेकवली तर तीही फुटेल. २ बाय २ ची फरशी जाडीप्रमाणं २५ ते ३० किलो भरते, तेव्हा दोघांनी धरायची, आणि बोटं कधी खाली घालायची नाहीत. उचलल्यावर जे दिसेल ते नीट बघा. हातात घेतलेली माती मुठीत दाबून लाडू वळला गेला तर तिथं ओल आहे. सिंक भरून एकदम सोडा आणि पाइपाच्या सांध्याखाली कोरडा कागद धरून बघा. भोक दिसलं तर घूस. या तिन्हींपैकी काय आहे ते कळल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. पाइप गळत असेल तर प्लंबर आधी आणि फरशीवाला नंतर. पाइप बदलताना त्याला भरपूर उतार द्या, आणि बाहेर चेंबरमध्ये जिथं तो उघडतो तिथली भिंतीतली फट सिमेंटनं बंद करा, घुशीचा रस्ता तोच असतो.

तुमचं वर्णन वाचून मला वाटतं पूर्ण खोलीच उचलावी लागेल. ३० फरश्या आहेत, दोन धडधाकट माणसं दोन दिवसांत उचलतील. फक्त ओट्याजवळ सावध. जुने ओटे कडप्प्याच्या उभ्या फळ्यांवर असतात आणि त्या फळ्या बहुतेक वेळा फरशीवरच टेकलेल्या असतात. त्या फळ्यांखालच्या फरश्या हलवायच्या नाहीत. फळीपासून दोन इंच सोडून कटरनं रेघ मारा आणि तेवढाच भाग काढा. एका घरी उत्साही जावयानं ओट्याखालची फरशी पहारीनं उचकटली आणि सव्वा इंच जाड ग्रॅनाइट मधून तडकला. फरशीपेक्षा ओटाच महाग पडला.

कटर चालवताना दोन गोष्टींवर मी अडून बसतो. पहिली धूळ. सिमेंट, वाळू आणि टाइल कापताना उडणाऱ्या बारीक धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसली की परत निघत नाही. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही, एन-९५ मास्क लावा आणि पाणी मारत कापा. दुसरी गोष्ट वीज. पाणी आणि ग्राइंडर एकत्र आले की धोका आलाच, म्हणून ज्या सॉकेटवर मशीन लावाल त्या लाइनवर ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. नसेल तर आधी बसवून घ्या. आणि सिलिंडर खोलीतून बाहेर न्या. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो आणि कटरची ठिणगीही जमिनीलगतच उडते. पडवीत तात्पुरती चूल मांडाल तेव्हाही सिलिंडर खड्ड्यात किंवा बंद कोपऱ्यात ठेवू नका, सिलिंडर जमिनीवर आणि शेगडी त्याच्यापेक्षा वर टेबलावर ठेवा.

वेळेबद्दल स्पष्ट सांगतो. दिवाळीची सुट्टी या कामाला पुरत नाही, आणि लक्ष्मीपूजनाआधी स्वयंपाकघर उकललं तर फराळ कुठं करणार? भाऊबीज झाली की सुरू करा. एप्रिल-मेमध्ये मात्र अजिबात नको. आपल्याकडे पारा ४२-४३ ला टेकतो तेव्हा माल कालवून होईपर्यंत त्यातलं पाणी उडतं आणि कोबा वरून भाजल्यासारखा तडकतो. जानेवारीत संक्रांतीच्या सुमाराला गड्ड्याची यात्रा असते, त्या आठवड्यात कारागीर मिळेल या भरवशावर काम अडकवू नका.

आता खालचा पाया. सव्वा इंचाची फरशी आणि तिच्या खालचा दीड इंच माल निघाला की पावणेतीन इंच खोली मोकळी होते. कोबा नसेल तर आणखी सात-आठ इंच खणा. काळी माती लागली तर जेवढी निघेल तेवढी काढा, पण भिंतीच्या पायाला धक्का न लावता. मग मुरूम भरा. तो एकदम ओतायचा नाही. चार-पाच इंचाचा थर पसरायचा, पाणी शिंपडायचं, धुम्मस (भराव ठोकून बसवायचं जड हत्यार) मारायचा आणि मग दुसरा थर. धुम्मस मारताना आधी 'धप्प' आवाज येतो, मुरूम बसला की 'टक्क' येतो, आणि हातालाही उलटा झटका जाणवतो. तो झटका येईपर्यंत थांबायचं नाही. घरच्यांनी करण्यासारखं हेच सगळ्यात मोलाचं काम आहे, कारण रोजंदारीवर आलेला माणूस इथंच घाई करतो. वरून फरशी लागली की खालचा मुरूम कुणी बघत नाही हे त्याला माहीत असतं.

मुरमावर ३ इंचाचा कोबा, ज्याला हल्ली सगळे पीसीसी म्हणतात. १:३:६ मापानं (एक भाग सिमेंट, तीन वाळू, सहा खडी) तुमच्या १२० चौरस फुटाला साधारण ४ पोती सिमेंट, १४ घनफूट वाळू आणि २८ घनफूट पाऊण इंची खडी लागेल. क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) चालते, पण चाळून घ्या. पाणी बेतानं घाला. माल मुठीत दाबला तर गोळा राहावा, बोटांतून वाहू नये. ओला असतानाच वरून १:४ सिमेंट-वाळूचा पातळ थर देऊन लाकडी रंध्यानं सपाट करा, लोखंडी थापीनं गुळगुळीत करू नका, वरच्या मालाला पकडायला खडबडीतपणा पाहिजे.

ढाळ कोब्यातच द्यायचा. वर टाइल लावताना ढाळ काढू म्हणणारा गवंडी असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा. पारदर्शक नळीत पाणी भरा, आत एकही बुडबुडा राहू देऊ नका, आणि चारी भिंतींवर जमिनीपासून ३ फुटांवर एकाच पातळीची रेघ मारून घ्या. ही रेघ काम संपेपर्यंत पुसायची नाही. आता त्या रेघेपासून खाली मोजत यायचं. मोरीपासून ४ फुटांपर्यंत फुटाला एक सूत (इंचाचा आठवा भाग) ढाळ, आणि पुढच्या ८ फुटांत दोन फुटाला एक सूत. म्हणजे चार आणि चार मिळून आठ सूत. दाराशी रेघेपासून जेवढं अंतर असेल त्यापेक्षा मोरीच्या कडेला बरोबर एक इंच जास्त भरलं पाहिजे. आख्ख्या खोलीला फुटाला एक सूत दिलं तर दीड इंच होतो. पाणी पळतं खरं, पण पाट हलतो, फ्रिजचं दार आपोआप उघडतं आणि सासूबाई दिवसभर एका कुशीवर कललेल्या बसतील. मोरीची आतली जमीन याच्याही खाली, वेगळी धरा.

कोबा टाकल्यावर दुसऱ्या दिवसापासून सात दिवस तो ओला ठेवायचा. गोणपाट अंथरून भिजवत राहा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून कोबा टाकायचा दिवस पाण्याच्या पाळीप्रमाणं ठरवा. टाकी भरून घेतली की दुसऱ्या दिवशी काम. हा हिशेब न केल्यामुळं दोन दिवस कोरडे गेलेले कोबे मी पाहिलेत, त्यांच्यावर नख ओढलं तरी भुकटी निघते.

सात दिवस झाले की एक बादली पाणी दाराच्या बाजूला ओता आणि बघा. जिथं पाणी थबकेल तिथं पेन्सिलीनं गोल करा. एखादा खळगा अजून पातळ मालानं भरता येतो, टाइल लागल्यावर तो जन्माचा सोबती.

इथं तुमच्या सुट्टीची अडचणही सुटते. कोबा पक्का झाला की त्यावर महिनाभर आरामात स्वयंपाक करता येतो. उलट मी तर सांगेन की कराच. खाली काही दबायचं असेल तर ते आताच दिसेल. फक्त तेल सांडू देऊ नका, तेलकट कोब्यावर कुठलंही ॲडेसिव्ह पकडत नाही. गॅससमोर एखादी जुनी सोलापुरी चादर दुमडून अंथरा, ती झटकता येते आणि धुताही येते.

आता वर काय घालायचं. तुमच्या मनात फिकट रंगाची टाइल आहे, माझ्या मनात वेगळं आहे, आधी ते ऐकून घ्या. तुम्ही फरशी झिजली म्हणताय, पण शहाबादी ३५-४० वर्षांत झिजून संपत नाही. झिजलाय तो वरचा सूतभर थर, आणि गेलाय तो पाया. शहाबाद आपल्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं, वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं गाव, तिथल्या खाणींचा हा चुनखडीचा दगड. आपल्या भागात घराघरांत तो आला तो जवळ मिळतो, उन्हाळ्यात गार राहतो आणि ओल्या पायाला धरतो म्हणून. तुमच्या ३० पैकी निदान २५ फरश्या धड निघतील. त्यांच्या कडा मशीनवर कापून २३ इंची चौकोन काढले तर त्यात साधारण ९० चौरस फूट भरतात, ओट्याखाली आणि कडेला नवे दगड घालता येतात. कडा सरळ झाल्या की सांधा अर्ध्या इंचावरून एका सुतावर येतो, म्हणजे झुरळांचं घर गेलं. मग वरून मशीन पॉलिश. एकच अट, ज्या फरशीचे पापुद्रे सुटतायत ती परत वापरायची नाही, अंगणात कपडे धुवायला टाका.

पॉलिशवाला आरशासारखी चमक काढून देतो म्हणेल. त्याला सांगा, मशीनच्या मधल्या नंबरच्या घासायच्या दगडावरच थांब. आरसा देवघरात ठीक, पाण्या-तेलाच्या जागी नको. पॉलिशनंतर दगडात मुरणारं सीलर एक हात मारा, तेल आणि हळदीचे डाग कमी धरतात. आणि शहाबादी, कोटा, कडप्पा हे तिन्ही चुनखडीचे, तेव्हा त्यांना आंबट चालत नाही. लिंबू, चिंच, ताक सांडलं की लगेच पुसायचं. संडास धुवायचं ॲसिड तर जवळसुद्धा आणू नका, फेस येतो तो मळाचा नसतो, दगडाचा असतो.

टाइलच हवी असेल तर तेही चूक नाही, घर तुमचं आहे. मग मॅट फिनिशची व्हिट्रिफाइड घ्या. दुकानात नुसतं बोट फिरवून बघू नका. एक टाइल खाली ठेवायला लावा, तिच्यावर पाणी आणि दोन थेंब गोडंतेल टाका, चप्पल काढून उभ्या राहा. शक्य असेल तर सासूबाईंनाच न्या आणि त्यांना टाइलवर हात टेकून उठायला सांगा. त्या जमिनीवरून उठताना सगळा भार तळहातावर देतात, आणि घसरणं तिथंच होतं, चालताना नव्हे. रंग पांढरा नको, हळदीचा डाग दिसतो. काळाही नको, ज्वारीचं पीठ दिसतं. मातकट, थोडी ठिपक्यांची बरी.

२ बाय २ च्या पेटीत ४ टाइल्स, म्हणजे १५.५ चौरस फूट. तुमच्या खोलीला ३१ टाइल्स, भिंतीलगतच्या ४ इंची पट्टीला ३, कापताना फुटतील त्या २-३. म्हणून १० पेट्या घ्या. सगळ्या पेट्यांवर बॅच आणि शेडचा नंबर एकच आहे का ते टेम्पोत चढवण्याआधी बघा. उरलेल्या ३ टाइल्स माळ्यावर उभ्या ठेवा, आडव्या नाही. दहा वर्षांनी एखादी फुटली तर तसली टाइल बाजारात मिळणार नाही.

व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीत नाही, अर्ध्या टक्क्याच्याही आत. म्हणूनच ती साध्या सिमेंटच्या रबडीला धरत नाही, पाणी प्यायल्याशिवाय सिमेंट तिच्या पाठीत शिरणार कसं? तिला पॉलिमर मिसळलेलं टाइल ॲडेसिव्ह लागतं. पिशवीवर आयएस १५४७७ आणि टाइप २ असं छापलेलं बघून घ्या. २० किलोच्या पिशवीत ४० ते ५० चौरस फूट होतात, तुम्हाला तीन लागतील. दातेरी थापीनं कोब्यावर ओढायचं, टाइलच्या पाठीलाही पातळ हात द्यायचा आणि बसवल्यावर रबरी हातोडीनं मधून कडेकडे ठोकत यायचं. पहिल्या दोन टाइल्स लावून लगेच एक उचलून बघा. पाठ सगळी माखलेली पाहिजे. चार कोपऱ्यांना चार गोळे आणि मधे एक, अशी जी पद्धत बरेच जण वापरतात ती स्वयंपाकघरात मुळीच चालवून घेऊ नका. पोकळीवर वरवंटा पडला की टाइल गेलीच.

सांध्यात २ मिलिमीटरचे स्पेसर (टाइल्समधे सारखी फट ठेवणारे प्लॅस्टिकचे तुकडे), आणि चारी भिंतींशी ६ मिलिमीटर जागा रिकामी. ती पट्टीखाली झाकली जाते, कुणाला दिसत नाही. माझ्या घरच्या टाइल्स ज्यामुळं उठल्या तीच ही जागा. मालानं भरून टाकू नका.

लावण्याचं काम तुम्ही स्वतः करावं का? माझं मत, नको. तोडणं, खणणं, धुम्मस, पाणी मारणं, सांधे भरणं हे घरच्यांनी करा, त्यात मजुरीचा मोठा भाग वाचतो. पण कोब्याचा ढाळ आणि पहिल्या दोन ओळी एखाद्या चांगल्या फरशीवाल्याकडून काढून घ्या. गुण्या, म्हणजे काटकोन, जरा चुकला तर पहिल्या टाइलमधलं एक सूत बाराव्या फुटावर पाऊण इंच होतं. त्याला शेजारी उभं राहून बघत राहा, पुढच्या ओळी तुमचा दीर किंवा मुलगा लावू शकेल. दर ठरवताना चौरस फुटाच्या भावात पट्टी, कापणी आणि मलबा उचलणं धरलंय की नाही हे आधीच विचारा, भांडणं नेमकी तिथंच होतात.

टाइल लावून २४ तास कुणी पाय ठेवायचा नाही. मग सांध्यात एपॉक्सी ग्राउट, म्हणजे सांधे भरायचा मसाला. साधं सिमेंटचं स्वस्त पडतं, पण स्वयंपाकघरात वर्षभरात काळं होतं. एपॉक्सी कालवलं की पाऊण-एक तासात घट्ट होतं, उन्हाच्या दिवसांत त्याहून लवकर, म्हणून थोडं थोडंच कालवा आणि एकजण भरत असताना दुसऱ्यानं ओल्या स्पंजनं मागोमाग पुसत यायचं. वाळलेला थर नंतर तासून काढताना हात भरून येतात.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मी सोलापूरच्या प्रत्येक घरात विचारतो. तुमच्याकडे शेंगाचटणी मिक्सरला होते की उखळात? उखळात होत असेल तर ते कुठं ठेवता ती जागा दाखवा. साखर पेठेतल्या एका घरी सगळीकडे नव्या टाइल्स लावल्या, सगळे खूश, आणि आठ दिवसांत आजीबाईंनी नेहमीच्या जागी बसून चटणी कुटली. तीन टाइल्सना कोळिष्टकासारखे तडे. आता मी तिथं २ बाय २ ची एक जाड जुनी शहाबादी ठेवतो, टाइलच्या पातळीला पातळी मिळवून, खाली भरगच्च मालात. आधी लोकांना ते ठिगळ वाटतं. त्याच आजीबाई आता पाहुण्यांना ते दाखवतात, ही म्हणे माझी जागा. तुमच्या सासूबाईंची भाकरी थापायची जागाही अशीच ठरलेली असेल, ती विचारून घ्या. भाकरी कडक होईपर्यंत माणूस तासभर तिथंच बसतं, तर त्या जागेला ढाळ नसलेलाच बरा. कोबा टाकताना तेवढे दोन फूट सपाट धरता येतात, पण हे आधी सांगावं लागतं.

येत्या रविवारी सकाळी खडू आणि हातोडी घेऊन सुरुवात करा, दुपारपर्यंत सिंकखालच्या तीन फरश्या उचला, आणि खालची माती ओली लागते की कोरडी, पाइपाचा सांधा कसा आहे आणि बद्द आवाजाच्या फुल्या कुठून कुठं जातात एवढं मला कळवा. फोटो काढाल तर शेजारी टेप ठेवून काढा. कोबा तीन इंचाचा पुरेल की चार लागेल, ते त्यावरून सांगतो.